डिझाइन डेटा व्यवस्थापन प्रणालीची निवड (लघु अभियांत्रिकी उद्योग)

यंत्रभागांची त्रिमितीय मॉडेल, त्यांवरून काढलेली ड्रॉइंग, सुट्या भागांच्या याद्या आणि या सगळ्यांत वेळोवेळी झालेले बदल एका जागी, क्रमाने व अधिकारानुसार सांभाळणारी संगणकप्रणाली म्हणजे डिझाइन डेटा व्यवस्थापन प्रणाली. धंद्यात तिला ‘पीडीएम’ म्हणतात. खरेदी, उत्पादन, सर्व्हिसिंग असा उत्पादनाचा सगळा प्रवास कवेत घेणारी ‘पीएलएम’ ही तिची मोठी बहीण. तीन ते पंधरा डिझायनर असलेल्या कारखान्याला बहुधा पीडीएमच पुरते. पीएलएमचा पसारा सांभाळायला लागणारी माणसे त्याच्याकडे नसतात.

कागदाच्या काळात हे काम ड्रॉइंग ऑफिसमधला एक माणूस करत असे. मूळ ट्रेसिंग (पारदर्शक कागदावरचे ड्रॉइंग) त्याच्या कपाटात, नोंद रजिस्टरमध्ये. तिची अमोनिया प्रिंट, म्हणजे कागदी प्रत, द्यायची तर सही घेऊन, आणि नवी प्रिंट देताना जुनी परत घेऊन. मूळ ट्रेसिंग एकच असल्यामुळे एका वेळी दोघांना तिच्यावर काम करता येत नसे. संगणक आला आणि ही शिस्त नकळत गेली. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स हे त्रिमितीय कॅड (संगणकावर डिझाइन करण्याचे सॉफ्टवेअर) विंडोजवर आले. त्याआधी त्रिमितीय डिझाइनला बहुधा महागडी युनिक्स वर्कस्टेशन (खास ताकदीचे संगणक) लागत. पुढे हे काम साध्या संगणकावर, लहान कंपन्यांच्या आवाक्यात आले. ट्रेसिंगच्या जागी फाइल आली, फाइलच्या कितीही प्रती निघू लागल्या, आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस मात्र कोणी नेमला नाही.

त्रिमितीय डिझाइनच्या फाइल साध्या कागदपत्रांसारख्या एकेकट्या नसतात. असेंब्लीच्या, म्हणजे अनेक भागांच्या जोडणीच्या, फाइलमध्ये पार्ट साठवलेले नसतात. ते कुठे आहेत याचे पत्ते असतात. ड्रॉइंगही मॉडेलच्या पत्त्यावरच उभे असते. एखाद्याने फोल्डरमध्ये जाऊन ‘शाफ्ट_फायनल’चे नाव बदलून ‘शाफ्ट_फायनल_नवीन’ केले, की तो शाफ्ट वापरणाऱ्या सगळ्या असेंब्लींचा पत्ता चुकतो. त्याहून वाईट म्हणजे पत्ता चुकत नाही, जुन्या शाफ्टची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये सापडते आणि असेंब्ली निमूटपणे तीच उघडते. चूक कळते ती माल कापून झाल्यावर. म्हणून सामायिक ड्राइव्ह किंवा फाइल ‘सिंक’ करणारी क्लाउड सेवा हा यावरचा उपाय नव्हे. दोघांनी एकाच वेळी फाइल बदलली तर अशी सेवा दोन प्रती ठेवून मोकळी होते; प्रोग्रॅमच्या मजकुरासारखे दोन मॉडेल ओळीला ओळ लावून जुळवता येत नाहीत.

पीडीएम हे पत्ते ओळखते. फाइल ‘व्हॉल्ट’मध्ये, म्हणजे प्रणालीच्या बंदिस्त भांडारात, असते, काम करायचे तर ती ‘चेक-आउट’ करायची, म्हणजे आपल्या नावावर घ्यायची, तेवढ्या वेळात इतरांना ती फक्त पाहता येते, काम झाले की ‘चेक-इन’ करून परत ठेवायची. प्रत्येक चेक-इनची एक आवृत्ती राहते. आवृत्ती आणि रिव्हिजन यांत मात्र लोक नेहमी घोळ घालतात. आवृत्ती ही डिझायनरची कामातली पायरी. ती दिवसात दहा वेळा बदलू शकते. रिव्हिजन ही कंपनीने जबाबदारीने बाहेर दिलेली पायरी. ती बदलली की खरेदी, शॉप फ्लोअर आणि व्हेंडर या तिघांना कळायलाच हवे. हा फरक प्रणालीत स्पष्ट दिसत नसेल तर ती घेऊ नये.

सॉफ्टवेअर पाहण्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे पार्ट नंबर. बहुतेक कारखान्यांत नंबरातच सगळे कोंबायची हौस असते: ग्राहकाचा कोड, मशीनचा प्रकार, धातू, साल. एक दिवस तोच ब्रॅकेट दुसऱ्या ग्राहकाच्या मशीनला लागतो आणि नंबर खोटा ठरतो. त्यापेक्षा साधा चढता क्रमांक बरा. बाकीची माहिती वर्णनाच्या रकान्यांत भरावी, शोध घेण्याचे काम प्रणाली करते. दुसरा नियम अदलाबदलीचा. बदललेला भाग जुन्याच्या जागी बिनदिक्कत बसत असेल आणि तेच काम करत असेल, तर रिव्हिजन वाढवावी; बसत नसेल तर नवा नंबर द्यावा. हा नियम मोडला की स्टोअरच्या एकाच खान्यात न जुळणारे दोन भाग एका नंबराखाली पडून राहतात. रिव्हिजनला अक्षरे वापरणाऱ्यांसाठी अमेरिकी मानक एएसएमई वाय१४.३५ आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरे वगळते. आय आणि ओ तर छापील ड्रॉइंगवर एक आणि शून्यासारखेच दिसतात.

निवड कारखान्याच्या जातीवर अवलंबून असते. भोसरीतला एसपीएम (एका ठरावीक कामासाठीचे खास मशीन) किंवा फिक्श्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारे साधन) बनवणारा कारखाना स्वतः डिझाइन करतो. एका मशीनमध्ये काहीशे भाग, त्यांतले बरेच आधीच्या मशीनवरून उचललेले. त्याला सगळ्यात मोलाची सोय म्हणजे ‘हा भाग कुठे कुठे वापरला आहे’ याचे तत्काळ उत्तर. कोल्हापूरकडच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचे (ओतीव काम करणाऱ्या कारखान्याचे) दुखणे वेगळे. ड्रॉइंग ग्राहकाचे, रिव्हिजन ग्राहकाची. आणि एकाच भागाची तीन रूपे: पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), कास्टिंग (ओतलेला भाग), मशीनिंग (कापून नेमक्या मापाला आणलेला भाग). ग्राहकाने एका बोअरचा (भोकाचा) व्यास बदलला तर कधी फक्त मशीनिंगचे ड्रॉइंग बदलते, कधी मशीनिंग अलाउन्स (कापण्यासाठी ठेवलेला जादा धातू) पुरत नाही म्हणून पॅटर्नच दुरुस्त करावा लागतो. तिथे कॅडशी घट्ट बांधलेल्या प्रणालीपेक्षा ही नाती नोंदवणारी, कोणत्याही प्रकारची फाइल निमूट सांभाळणारी प्रणाली जास्त उपयोगी. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ मानकानुसार ग्राहकाने कळवलेल्या अभियांत्रिकी बदलाचा आढावा १० कामाच्या दिवसांत व्हायला हवा, म्हणून बदल आल्याची तारीख पकडणे हेही प्रणालीचेच काम.

स्वतः डिझाइन करणाऱ्या लहान कंपनीने, विशेष कारण नसेल तर, आपल्या कॅडच्याच घरातली प्रणाली घ्यावी असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. सॉलिडवर्क्सच्या प्रोफेशनल व प्रीमियम परवान्यांबरोबर पीडीएम स्टँडर्ड मिळते. तिच्यात मंजुरीचा मार्ग एकच आखता येतो, पण दहा माणसांना तो पुरतो. ऑटोडेस्क कंपनीची ‘व्हॉल्ट बेसिक’ ही प्रणाली फाइल आणि आवृत्त्या सांभाळते. रिव्हिजन व मंजुरीची साखळी हवी तर वरची श्रेणी घ्यावी लागते. सॉलिड एज या कॅडमध्ये वेगळ्या डेटाबेसशिवाय चालणारी प्राथमिक सोय आतच आहे. ऑनशेप या कॅडमध्ये मुळात फाइलच नाहीत. मॉडेल क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये असते, त्यामुळे पत्ते तुटण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र तिच्या मोफत योजनेतली कामे सर्वांना खुली असतात. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर ती वापरणे म्हणजे करार मोडणे. अरास इनोव्हेटर ही पीएलएम प्रणाली डाउनलोड करायला फुकट आहे, पण ती उभी करायला जाणकार माणूस लागतो, आणि तो फुकट मिळत नाही.

विक्रेत्याचा डेमो नेहमी सुरेखच होतो, कारण त्यातला डेटा त्याचा असतो. आपला सगळ्यात गबाळा प्रोजेक्ट त्याच्या हाती द्यावा आणि समोर बसून काही कामे करून घ्यावीत: अनेक असेंब्लींत वापरलेल्या भागाचे नाव बदलणे, दोघांनी एकच भाग उघडून एकाने सेव्ह करणे, जुन्या रिव्हिजनची पूर्ण असेंब्ली त्या दिवशी होती तशी उघडणे, आणि शेवटी सगळा प्रोजेक्ट पत्त्यांसकट व्हॉल्टबाहेर काढून दाखवणे. शेवटच्या कामाला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावे. जुना डेटा सरसकट आत ओतू नये. चालू कामे आधी आणावीत, बाकीचा साठा फक्त वाचता येईल असा ठेवावा आणि ज्या भागाला हात लागेल तो त्या वेळी आत घ्यावा. सगळे एकदम ओतले की दहा वर्षांतल्या ‘फायनल’ नावाच्या सगळ्या प्रतींना व्हॉल्टमध्ये हक्काची जागा मिळते.

सर्व्हरकडे मालकांचे लक्ष सहसा जात नाही. अशा प्रणालीचे दोन अवयव असतात: माहितीचा डेटाबेस आणि फाइलींचे भांडार. दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा हवा. एकाचा सोमवारचा व दुसऱ्याचा गुरुवारचा असेल तर नोंद आहे पण फाइल नाही अशी स्थिती होते. पीडीएम स्टँडर्ड ज्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मोफत डेटाबेसवर चालते, त्याच्यात ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारी अंगची सोय नाही. ती वेगळी लावावी लागते. आणि वर्षातून एकदा तरी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावा. प्रणालीची देखरेख कंपनीतल्याच माणसाकडे असावी. ज्येष्ठ ड्राफ्ट्समन या कामाला बहुधा सगळ्यात योग्य, कारण कुठला बदल का झाला हे त्याला आठवते.

व्हॉल्टच्या भिंतीबाहेर प्रणालीचा हात पोहोचत नाही. जॉबवर्कवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ सहा महिन्यांनीही त्याच्या फोनमध्ये असते, आणि पुढच्या ऑर्डरला तो तीच उघडतो. यावर साधा इलाज आहे: पर्चेस ऑर्डरवर ड्रॉइंग नंबराबरोबर रिव्हिजन छापावी, आणि माल आल्यावर तपासणी अहवालात व्हेंडरने कोणत्या रिव्हिजनवर काम केले ते लिहून घ्यावे. त्यासाठी मंजूर रिव्हिजनची यादी खरेदी विभागाला थेट दिसायला हवी. म्हणून केवळ पाहण्याचा परवाना किती स्वस्त आहे, हे डिझायनरच्या परवान्याइतकेच बारकाईने विचारावे.

आयएटीएफ १६९४९ नुसार भागमंजुरी व डिझाइनच्या नोंदी तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत, व त्यावर आणखी एक कॅलेंडर वर्ष, जपाव्या लागतात. वाहनाच्या सुट्या भागासाठी हा काळ सहज पंधरा-वीस वर्षांचा होतो, आणि तेवढ्यात कॅडही बदलू शकते. त्यामुळे प्रत्येक मंजूर रिव्हिजनबरोबर ड्रॉइंगची पीडीएफ आणि मॉडेलची स्टेप फाइल (कोणत्याही कॅडमध्ये उघडणारी सामायिक स्वरूपाची फाइल) आपोआप तयार होऊन तिच्याच नंबराखाली जमा होते का, हे करार करण्यापूर्वीच चालवून पाहावे.