खरकट्याच्या बादलीतलं लोह

शाळेत मुलांनी उसळ ताटाबाहेर काढली की मोठी माणसं ऐकवतात, खाऊन माजावं, टाकून माजू नये. खरंच आहे, पण तेवढ्यानं दुसरीतलं पोर मटकी खात नाही. कुठल्या जीवनसत्त्वाअभावी कोणता रोग होतो, हा तक्ता पाठ करूनही खात नाही. करवीर-पन्हाळ्याकडच्या शिक्षकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: पोषणाचा एकच धडा घ्या, लोहाचा, आणि ताट समोर असताना घ्या.

शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली असते. बादलीत जाताना हे प्रमाण राहत नाही. भात पोटात जातो. मटकी, कोबी, टोमॅटो, लिंबाची फोड बाहेर. वजनानं हे नुकसान थोडंच. पण खाल्लेल्या भातडाळीतलं लोह अंगी किती लागणार, हे बऱ्याच अंशी या टाकलेल्या जिनसांवर ठरतं.

वनस्पतींतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं असतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं. लहान आतड्यात शिरताना आम्लता उतरली की त्याचा न विरघळणारा साका होऊ लागतो. त्यात धान्य-कडधान्यांतलं फायटिक आम्ल. त्याच्या कड्याला सहा फॉस्फेट गट असतात आणि खेकड्यानं नांगीत धरावं तसं ते लोह धरून ठेवतं. आतड्याच्या पेशींवरचं डीएमटी-1 हे वाहक प्रथिन तर फेरस, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह आत घेतं. क जीवनसत्त्व इथे दुहेरी काम करतं: इलेक्ट्रॉन देऊन फेरिकचं फेरस करतं, आणि जठरातच लोहाशी जोडी जमवून त्याला पुढे विरघळलेलं ठेवतं. मात्र ते त्याच जेवणात हवं. सकाळी खाल्लेला आवळा दुपारच्या खिचडीच्या कामी येत नाही. उकळताना ते बरंच नासतं, म्हणून लिंबू पानात वाढल्यावरच पिळायचं. मटकीला मोड येताना फायटेज हे विकर वाढतं आणि ते फॉस्फेट गट तोडू लागतं, नांगी ढिली पडते.

मुलांना हे दाखवताही येतं. लोखंडी कढईत कोरा चहा ठेवला की शाईसारखा काळा पडतो, कारण चहातली टॅनिनं लोहाला चिकटतात. जेवणावर लगेच चहा का नको, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. मटकी वर्गातच भिजवून फडक्यात बांधावी. स्वतः मोड आणलेली उसळ चाखायला मुलं सहसा तयार होतात, आणि नावडता पदार्थ थोडा थोडा, पुन्हा पुन्हा समोर आला तर तो हळूहळू आवडू लागतो, हेही संशोधनातून दिसलं आहे.

कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलणं अवघड, तरी बोलतो. गुळानं रक्त वाढतं हा समज फार फुगवलेला आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज 15 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. दहा ग्रॅमच्या खड्यातून त्यातलं अर्धा मिलिग्रॅमच्या आसपासच मिळतं. आणि पोर पांढुरकं, मलूल दिसलं तर मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. 2016 ते 2018 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच ते नऊ वयाच्या 24 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता.

बादली एकच ठेवू नका. भात, उसळ आणि भाजी वेगवेगळ्या डब्यांत टाकायला लावा, पाचवीच्या मुलांकडून रोज वजन करून फळ्यावर मांडून घ्या. पहिल्यांदा उसळ कमी वाढा, हवी तर पुन्हा मागू द्या. धडा मुलांपर्यंत पोचला की नाही, ते उसळीच्या डब्याच्या वजनावरून कळेल.