वेब टूल (भूस्थानिक माहितीचे रूपांतरण)

नकाशाची माहिती एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेणाऱ्या क्रियांची साखळी, म्हणजेच वर्कफ्लो, नकाशा-सर्व्हरवर चढवून ब्राउझरमधून कोणालाही चालवता येईल अशी केली, की तिला वेब टूल म्हणतात. साखळी बांधायला जीआयएसचा (नकाशाशी जोडलेली माहिती हाताळणाऱ्या संगणक-प्रणालीचा) जाणकार लागतो. चालवणाऱ्याने मात्र फाईल द्यायची, दोन-तीन रकाने भरायचे आणि निकाल उतरवून घ्यायचा.

साखळी डेस्कटॉपवर बांधली जाते. सेफ सॉफ्टवेअर या १९९३ साली स्थापन झालेल्या कॅनडातील कंपनीचे एफएमई हे सॉफ्टवेअर त्यासाठी प्रसिद्ध असून आर्कजीआयएस या जीआयएस सॉफ्टवेअरचे डेटा इंटरऑपरेबिलिटी एक्स्टेंशनही त्याच्याच आधारावर चालते. क्यूजीआयएस या मुक्त जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मॉडेल डिझायनर आहे. सर्व्हरच्या बाजूला आर्कजीआयएस एंटरप्राइझ, एफएमई फ्लो, तसेच जिओसर्व्हरचे डब्ल्यूपीएस (वेब टूलच्या मानकाचे, पुढे पाहा) एक्स्टेंशन आणि पायडब्ल्यूपीएस ही मुक्त साधने वापरली जातात.

बेळगाव सीमाभागात या तंत्राची गरज नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच (आताच्या महाराष्ट्रात) राहिला. त्यानंतर दोन्हीकडच्या जमिनीच्या नोंदी वेगवेगळ्या वळणाने वाढल्या. चंदगडच्या सातबाऱ्यावर गट नंबर आणि हेक्टर-आर. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर, एकर-गुंठे आणि कन्नड लिपी. दूधगंगा, वेदगंगा मात्र कोल्हापूर जिल्ह्यातून सरळ निपाणी-चिक्कोडीकडे येतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरासारख्या वेळी नदीकाठची शेते एकाच नकाशावर पाहायची, तर दोन्ही राज्यांची माहिती आधी एका मापात आणावी लागते.

निर्देशांकांची बाजू त्यातल्या त्यात सोपी. कारवारपासून बिदरपर्यंतचा पट्टा आणि कोल्हापूरही यूटीएम या, पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात (ईपीएसजी संकेतांक ३२६४३) बसतात. या विभागाचे ७५ अंश पूर्व हे मध्य रेखावृत्त अथणी गावाच्या किंचित पश्चिमेकडून जाते. जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आधारलेले असल्याने डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या मापनपद्धतीत आणताना डेटमचे, म्हणजे निर्देशांक ज्या आधारावरून मोजतात त्याचे, रूपांतर करावेच लागते. ते विसरले, तर आख्खा नकाशा नजरेत भरेल इतका सरकतो.

खरी कसोटी क्षेत्रफळाच्या रकान्यात लागते. ३ एकर २० गुंठे हे क्षेत्र टिंब देऊन ३.२० असे लिहिण्याची पद्धत आहे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, तेव्हा हे साडेतीन एकर. संगणक ते दशांश समजून ३.२ एकर धरतो. स्प्रेडशीटने शेवटचे शून्य गाळले आणि पुढच्या माणसाने ‘३ एकर २ गुंठे’ असे वाचले, तर त्याच शेतातून १८ गुंठे गायब! गुंठा आणि आर एकच धरण्याची सवयही घातक आहे: गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. म्हणून रकाना मजकूर म्हणूनच वाचावा, टिंबाशी तोडावा, एकराचे गुंठे करून मग चौरस मीटर काढावेत. वरचे शेत १४० गुंठ्यांचे, म्हणजे १ हेक्टर ४१.६४ आर भरते. हा नियम साखळीत एकदा नीट बसवला, की प्रत्येकाने आपापल्या कॅल्क्युलेटरवर वेगळे उत्तर काढायचा प्रश्न उरत नाही. नुकसानभरपाईच्या यादीत एखाद्याचे १८ गुंठे बुडणे ही किरकोळ चूक नव्हे, आणि वेब टूलचे मोल प्रस्तुत लेखकाला सर्वांत जास्त इथेच वाटते.

गावांच्या नावांचेही तसेच. मराठीत कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द. कर्नाटकच्या कागदावर कंग्राळी बी. के. आणि के. एच. नावावरून दोन तक्ते जोडायला गेले की निम्म्या ओळी सुट्या राहतात. त्यावर उपाय म्हणजे मराठी, कन्नड आणि इंग्रजी रूपे एका गाव-संकेतांकाशी बांधणारा तक्ता. तो साखळीच्या पोटात न दडवता वेगळा, सर्वांना पाहता येईल असा ठेवावा. आपल्या गावाचे नाव चुकले आहे हे गावचा माणूसच आधी ओळखतो. शेपफाईल या नकाशा-माहितीच्या प्रचलित फाईल-साच्यात रकान्याचे नाव दहा अक्षरांपुरतेच मावते, हेही नावे ठरवताना ध्यानात घ्यावे.

टूल प्रसिद्ध करण्यापूर्वी काय उघडे ठेवायचे आणि काय बंद, हे ठरवावे लागते. तालुका, स्रोताचे एकक, निकालाचा साचा यांसारखे पॅरामीटर वापरणाऱ्याच्या हाती द्यावेत. गुंठ्याचा गुणक कधीही देऊ नये. आर्कजीआयएसमध्ये साखळी आधी एकदा यशस्वी चालवून त्या निकालावरूनच टूल प्रसिद्ध करतात. नवशिक्याची साखळी बहुधा फाईलच्या पत्त्यावर अडते: स्वतःच्या संगणकावरील ‘डी’ ड्राइव्हचा पत्ता आत तसाच राहतो आणि सर्व्हरला ती फाईल सापडत नाही.

ओपन जिओस्पॅशियल कन्सॉर्शियमच्या वेब प्रोसेसिंग सर्व्हिस (डब्ल्यूपीएस) या मानकाची १.० आवृत्ती २००७ ची, तर २.० आवृत्ती २०१५ ची. टूल कोणती आहेत, कोणते टूल काय मागते आणि ते चालव, अशा तीन विनंत्यांवर त्याचा सांगाडा उभा आहे. त्याची नवी वाट म्हणजे ओजीसी एपीआय प्रोसेसेस (२०२१).

टूल दोन रीतींनी चालते. लहान काम असेल तर उत्तर येईपर्यंत ब्राउझर थांबून राहतो. मोठ्या कामाला सर्व्हर जॉब क्रमांक देतो आणि काम मागे चालू राहते. कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते, म्हणून तिथल्या वापरासाठी दुसरीच रीत निवडावी. फाईल एकदा वर गेली की मोबाईल खिशात टाकावा आणि खानापुरात आल्यावर त्याच क्रमांकाने निकाल उतरवून घ्यावा.