डावीकडे वळलं की बंद पडणारा जीपीएस

स्कूटरला जीपीएस लावून जेमतेम चार महिने झाले होते. एके दिवशी डावं वळण घेताना पडदा मंद झाला आणि बाहेरून वीज येत नसल्याची सूचना झळकली. हँडल सरळ केलं तसा पडदा पुन्हा उजळला. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच. उजवीकडे मात्र कितीही वळवा, काहीच होत नव्हतं.

यंत्रच बिघडलं असं वाटून ते बदलायच्या विचारात होते. त्याआधी पुढचं पॅनेल उघडलं आणि यंत्राकडे जाणारी वायर बोटांत धरून थोडी थोडी वाकवत गेले. सगळीकडे ती मूळच्या ताठपणाने वाकत होती, एका जागी मात्र सुतळीसारखी लुळी पडली. वरच्या प्लॅस्टिकवर ओरखडासुद्धा नव्हता. ते सोलून काढलं तेव्हा आतल्या तांब्याच्या सगळ्या तारा एका रेषेत तुटलेल्या दिसल्या, अगदी तिथेच जिथे माझ्या हाताने दिलेला चंदेरी डाख (सोल्डर) संपत होता. हँडल सरळ असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकत होती. डावीकडे वळवलं की वायर ताणली जाई आणि टोकं सुटत. २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश बिनचूक पोचत होते आणि काम अडलं होतं मीटरभर वायरीपाशी. तेव्हापासून मी या कामात आधी थरथरीचा विचार करते, मग विजेचा, आणि यंत्र कोणतं घ्यायचं याचा सगळ्यांत शेवटी.

तांब्याची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. थोडी थोडी, पण लाखो वेळा वाकवली तर तुटते. धातू थकतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० हिसके, आणि तासाभराच्या प्रवासात ३ लाख ६० हजार. पोलादाला ठराविक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा सोसता येतो. तांब्याला अशी सुरक्षित मर्यादा नसते, लहानसहान ताणही साचत राहतो. वायरीत एका जाड तारेऐवजी केसासारख्या पुष्कळ बारीक तारा घालतात त्या याचसाठी. तार जितकी बारीक तितका त्याच वळणावर तिच्या पृष्ठभागावर ताण कमी. पण डाख दिला की वितळलेला धातू दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसा तारांच्या फटींतून आत चढतो, आणि सगळ्या तारांची मिळून एक ताठ कांडी होते. पुढची वायर मऊ, मागची कांडी ताठ. मग सगळं वाकणं या दोन्हींच्या सीमेवर येऊन पडतं.

म्हणूनच वाहनांच्या वायरिंगमध्ये बहुतेक जोड डाखाऐवजी पक्कडीने थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावरची धातूची टोपी, दाबून केलेले असतात. चांगल्या थिंबलला दोन पकडी असतात : एक उघड्या तांब्याला धरते, दुसरी त्यामागच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला, म्हणजे हिसका तांब्यावर येत नाही. डाखच द्यायचा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंची वायर पट्ट्याने बांधून टाकावी, वाकायला जागाच ठेवू नये. स्कूटरच्या मानेपाशी, जिथे हँडल फिरतं, तिथे नेमकं उलट करायचं. तिथे वायर सैल हवी, मोठा गोल वळसा घेतलेली, आणि ब्रेकच्या केबलींमध्ये न चेपणारी.

आता बसवण्याचं बघू. मोटारसायकलला उघडी नळी असते, तिच्यावर कुठलाही क्लॅम्प बसतो. बहुतेक स्कूटरचं हँडल प्लॅस्टिकच्या खोळीत झाकलेलं असतं, आणि त्या खोळीवर वजन टाकलं की तिच्या खाचा तुटतात. राहते आरशाची दांडी. ती धातूच्या बैठकीत आट्यांनी घट्ट बसलेली असते, म्हणून आरसा काढून त्याच्या बुडाशी धातूची पट्टी अडकवायची आणि वर आरसा पुन्हा पिळायचा, ही पद्धत सगळ्यांत भरवशाची. आटे सहसा ८ किंवा १० मिलिमीटरचे असतात. एक सावधगिरी : काही गाड्यांच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात. पाना सहज फिरत नसेल तर जोर करण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहा.

पण दांडीवर कुठे लावायचं याला महत्त्व आहे. गाडी जागेवर चालू असताना आरशातलं चित्र थरथरून पुसट होतं आणि जरा वेग घेतला की स्थिर होतं, हे प्रत्येक स्कूटरवाल्याने पाहिलेलं असतं. दांडीची स्वतःची एक कंपनाची लय असते. इंजिनाची लय तिच्याशी जुळली की हलका हिसकाही मोठा होतो. दांडीच्या टोकाला पाव किलोचं यंत्र टांगलं तर ही लय खाली सरकते, आणि रोजच्या वेगालाच थरथर सुरू होते. उपाय साधा आहे. एका टोकाला पक्क्या असलेल्या दांड्याचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केली तर ताठपणा आठपट. म्हणून सगळ्यांत आखूड हात निवडायचा आणि तो दांडीच्या बुडाशी लावायचा. दुकानातला लांब, लवचीक, कसाही वळणारा हात पाहायला सोयीचा वाटतो. स्कूटरवर तो मी कधीच लावणार नाही.

फोनच जीपीएस म्हणून लावणाऱ्यांसाठी थरथर आणखी एका कारणाने गंभीर आहे. आजकालच्या कॅमेऱ्यात भिंग लहान स्प्रिंगांवर किंवा चुंबकांच्या आधाराने तरंगतं, हाताची थरथर भरून काढण्यासाठी. ॲपलने २०२१ साली जाहीरपणे सांगितलं, की शक्तिशाली मोटारसायकलींच्या सततच्या कंपनांनी ही रचना बिघडू शकते. लहान इंजिनाच्या आणि विजेवरच्या स्कूटरची कंपनं सौम्य असतात, तरी तिथेही कंप शोषणारा रबरी जोड वापरावा असं त्याच सूचनेत म्हटलं आहे. जुना, कॅमेरा बिघडला तरी चालेल असा फोन असेल तर तोच हँडलवर ठेवा. निव्वळ मार्गदर्शनासाठी बनवलेल्या यंत्रात सहसा कॅमेरा नसतो, आणि मला त्याचं हे मोठं सुख वाटतं.

जागा ठरवताना डोळ्यांचा हिशेब करायचा. ताशी ५० किलोमीटर वेगात सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर जातं. दोन सेकंद मान खाली घातली तर २८ मीटर रस्ता न बघता कापला. त्यात दूरवरून जवळ आणि जवळून पुन्हा दूर नजर जुळवायला डोळ्याला वेळ लागतो, चाळिशीनंतर जास्तच. म्हणून पडदा शक्य तितका वर, रस्त्याच्या रेषेजवळ, पण वेगाचा काटा आणि इंडिकेटरचे दिवे न झाकणारा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहा : यंत्र पुढच्या काचेला, गुडघ्याला किंवा ब्रेकच्या मुठीला लागता कामा नये.

आकाशाच्या बाबतीत स्कूटरवाला नशीबवान असतो, डोक्यावर पत्रा नाही. उपग्रहाकडून येणारा संदेश अँटेनापाशी पोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॅटच्या एकावर सोळा शून्यं इतक्या भागांपैकी जेमतेम एखादा भाग उरलेली असते. आसपासच्या विद्युत गोंगाटापेक्षाही तो क्षीण असतो. ठरलेल्या सांकेतिक क्रमाशी ताडून पाहत ग्राहकयंत्र तो गोंगाटातून वेगळा काढतं. प्लॅस्टिक त्याला अडवत नाही, पण धातू अडवतो आणि पाणी शोषून घेतं. पडदा आकाशाकडे थोडा कललेला ठेवला की ग्रहण चांगलं होतं आणि वाचायलाही सोपं जातं. हा संदेश इतका नाजूक असल्यामुळेच बॅटरीचा दाब उतरवून यंत्राला वीज देणारा कन्व्हर्टर हलक्या प्रतीचा असेल तर यंत्राच्या पाठीला चिकटवू नये. त्यातला स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, आणि त्यातून निघणारा विद्युत गोंगाट अँटेनाच्या कानात ओरडल्यासारखा होतो. वीतभर तरी अंतर ठेवावं.

वीज हा या कामातला सगळ्यांत गमतीचा भाग आहे. स्कूटरची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना तारेवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. सेल मारताना तो क्षणभर १० व्होल्ट किंवा त्याहून खाली जातो, आणि हॉर्नसारखी वेटोळी असलेली वस्तू बंद होताना उंच झटका उठतो. यंत्राला हवे असतात स्थिर ५ व्होल्ट. साधा रेग्युलेटर उरलेले ९ व्होल्ट उष्णतेत घालवतो : यंत्राने १ अँपिअर घेतला तर यंत्राला ५ वॅट आणि नुसत्या तापण्यात ९ वॅट. बक कन्व्हर्टर ती वीज जलद स्विचने तुकडे करून वेटोळ्यात साठवतो आणि सावकाश सोडतो. तो जेमतेम वॅटभर वाया घालवतो आणि बॅटरीकडून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी घेतो. ८ ते ३० व्होल्ट सोसणारा, रेझिन ओतून बंद केलेला घ्यावा. विजेवरच्या स्कूटरमध्ये मुख्य बॅटरीला हात लावू नका. तिचा दाब ४८ व्होल्ट किंवा जास्त असतो. दिवे आणि हॉर्नसाठी आधीच उतरवलेली १२ व्होल्टची लाइन असते, जोडणी तिथे.

पेट्रोलच्या जुन्या, लहान स्कूटरमध्ये आणखी एक फसवी जागा आहे : हेडलाइटची वायर. ती अगदी हाताशी असते, म्हणून मोह होतो. पण अशा कित्येक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटोमधून, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या छोट्या जनित्रातून, थेट येणाऱ्या उलटसुलट (एसी) प्रवाहावर चालतो आणि इंजिनाच्या वेगासोबत कमीजास्त होतो. त्याला डीसीचं, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या प्रवाहावर चालणारं, यंत्र जोडलं तर ते जळू शकतं. मीटर लावून पाहिल्याशिवाय कुठल्याही वायरीला हात घालू नये. सगळ्यांत स्वच्छ रस्ता असा : बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायर, त्यावर बॅटरीच्या अगदी जवळ २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज, मग रिले, म्हणजे चावी फिरवली की आपोआप चालू होणारा स्विच, मग कन्व्हर्टर. फ्यूज यंत्राच्या नव्हे, वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर घासून सांगाड्याला टेकली तर फ्यूजच्या पुढचा भागच सुरक्षित राहतो, म्हणून तो बॅटरीला जितका जवळ तितका चांगला.

रिले कशाला, असं वाटेल. तो नसेल तर चावी बंद करून यंत्र काढून नेलं तरी कन्व्हर्टर जागाच असतो. कन्व्हर्टर रिकामा असताना १० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास. स्कूटरची बॅटरी ५ अँपिअर-तासांची धरली तर दहा-अकरा दिवस उभ्या गाडीची निम्मी बॅटरी संपते आणि सेल लागत नाही.

कन्व्हर्टर कुठे ठेवायचा यातही भौतिकशास्त्र आहे. डिकीत ठेवून तिथून दोन मीटरची बारीक चार्जिंग केबल पुढे आणली तर १ अँपिअरला तिच्यात जवळजवळ ०.८ व्होल्ट खर्च होतो. ५ पैकी ४.२ उरले, की यंत्र चार्ज होत असल्याचं चिन्ह दाखवतं आणि तरी त्याची बॅटरी उतरत जाते. १२ व्होल्टची वायर पुढपर्यंत आणा, कन्व्हर्टर पुढच्या पॅनेलमागे बसवा आणि ५ व्होल्टची केबल हातभरच ठेवा. काही मार्गदर्शक यंत्रं साध्या केबलला संगणकाची केबल समजतात आणि नकाशा सोडून फाइलींच्या खिडकीत जाऊन बसतात. त्यांना वाहनासाठी दिलेली मूळ केबलच लागते.

पावसाचं थोडक्यात. केबल यंत्रात खालून शिरू द्यावी, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, जोडात शिरत नाही. यंत्र जलरोधक असलं तरी चार्जिंगचं भोक उघडं असताना ते तसं राहतंच असं नाही. उन्हाचं संकट जास्त अवघड आहे. लिथियमची बॅटरी ४५ अंशांवर गेल्यावर चार्ज करू नये, आणि भर उन्हात पूर्ण उजेडावर चालणारा काळा पडदा तिथवर सहज पोचतो. पारदर्शक पिशवीत ठेवलेला फोन तर आणखी लवकर, कारण हवा खेळत नाही. उन्हात पिशवी काढून ठेवणं बरं.

निघण्याच्या वेळी मी अर्धा मिनिट उघड्यावर थांबते. उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट वेगाने पाठवतो, आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. फोनला हीच माहिती मोबाइलच्या जाळ्यातून मिळते. स्वतंत्र यंत्राला बराच वेळ बंद राहिल्यावर ती आकाशातूनच अखंड ऐकावी लागते. इमारतींच्या मधून चालत्या गाडीवर ती तुटत राहते, आणि जागा सापडायला कितीतरी वेळ लागतो.

तेवढ्या वेळात गाडी मधल्या स्टँडवर असते. चावी चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवते, मग एकदा हॉर्न, एकदा ब्रेकचा दिवा. डावीकडे नेताना चार्जिंगच्या चिन्हाकडे लक्ष असतं. नव्या वायरीला मानेपाशी मुठीएवढा सैल वळसा दिला आहे, आणि चिन्ह अजून एकदाही लुकलुकलेलं नाही.