कोंढाळीपुढची खरखर : गाडीतला रेडिओ आपणहून स्टेशन कसा बदलतो

नागपूरहून अमरावतीकडे निघालं, की कोंढाळीच्या पुढे गाडीतलं एफएम विरायला लागतं. आधी गाण्यात बारीक खरखर येते, मग दोन शब्द ऐकू येतात अन् तिसरा गळतो. कारंजा घाडगे येईस्तोवर ड्रायव्हर हात पुढे करून रेडिओ बंद करतो, नाहीतर पेनड्राइव्ह लावतो. एक सिग्नल हरवला की आपणहून दुसरा धरणारे रेडिओ आता गाड्यांमध्ये येतात. डिजिटल गेलं तर एफएम, एफएम गेलं तर डिजिटल. पण हे काम एकट्या गाडीला जमत नाही. ‘हाच कार्यक्रम पलीकडे कुठे लागतो’ हे मनोऱ्यांनी रेडिओला आधी सांगून ठेवावं लागतं. विदर्भातल्या रस्त्यांवर नेमकं तेच सांगणं कमी पडतं, म्हणून हा इतिहास उलगडावासा वाटला.

आपल्याकडे बदलाबदलीची गरज फार काळ भासलीच नाही. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली ती मीडियम वेव्हवर. ही लहर जमिनीला धरून चालते. जमीन ओली आणि चिकण असेल तर ती कमी थकते, म्हणजे आपली काळी माती तिला मानवणारीच. ५८५ किलोहर्ट्झवर सुई एकदा बसवली, की बाजारभाव, हवामान, शेतीच्या गप्पा बैलगाडीच्या वाटेवरही ऐकू येत. १९८८ पासून नागपुरातूनच आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १,००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर चाले. रात्री मीडियम वेव्ह आकाशातल्या थरावरून परतते, त्यामुळे दूरदूरच्या राज्यांतले लोक नागपूर ऐकत.

एफएम आलं आणि हे चित्र पालटलं. भारतात त्याची सुरुवात १९७७ मध्ये मद्रासला झाली. आवाज स्वच्छ, पण लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. मनोरा क्षितिजाआड गेला, मधे टेकडी आली, की संपलं. म्हणून प्रत्येक शहराला वेगळा मनोरा आणि वेगळा आकडा लागतो. २८ एप्रिल २०२३ ला देशभरात १०० वॉटचे ९१ छोटे एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. चांगलंच झालं, पण असा प्रक्षेपक पंधरा-वीस किलोमीटर पुरतो. त्यापुढे पुन्हा खरखर.

युरोपला ही अडचण आधी आली, कारण तिथे एफएमचं जाळं आधी पसरलं आणि लोक त्यातून वेगाने गाडी हाकत होते. पश्चिम जर्मनीत १९७४ मध्ये ब्लाउपुंक्ट कंपनी आणि तिथल्या सार्वजनिक प्रसारकांनी ‘एआरआय’ नावाची सोय सुरू केली. वाहतुकीची सूचना आली की रेडिओ तिकडे लक्ष वेधत असे. त्यातून १९८४ मध्ये युरोपीय प्रसारकांच्या संघाने ‘आरडीएस’ ठरवलं. एफएमच्या आवाजासोबत ५७ किलोहर्ट्झवर, कानाला ऐकू न येणारी, एक बारीक माहितीची धार जाते. सेकंदाला फक्त ११८७.५ बिट. तेवढ्यात स्टेशनचं नाव, कार्यक्रमाची ओळख सांगणारा सांकेतिक क्रमांक आणि तोच कार्यक्रम लागणाऱ्या २५ पर्यंत फ्रिक्वेन्सींची यादी बसते. रेडिओ गुपचूप त्या यादीतली एकेक फ्रिक्वेन्सी तपासतो, क्रमांक जुळला आणि सिग्नल जास्त जोरकस निघाला की तिकडे उडी मारतो. १९८७ मध्ये व्होल्वोने असा रेडिओ गाडीत दिला. मला ही रचना फार आवडते, इतक्या थोड्या जागेत इतका विचार क्वचितच दिसतो.

१९९५ मध्ये नॉर्वे आणि ब्रिटनमध्ये डीएबी ही डिजिटल पद्धत प्रसारणात आली, आणि नवी अडचण उभी राहिली. एफएम हळूहळू बिघडतं, ऐकणाऱ्याला अंदाज येतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि एका वळणावर एकदम गप्प होतं. त्या क्षणी एफएम धरायचं, तर तोच कार्यक्रम ओळखता आला पाहिजे, म्हणून आरडीएसचाच क्रमांक डिजिटललाही जोडण्याची सोय झाली. खरी कसोटी वेळेची होती. डिजिटल आवाज दाबून, बांधून, पुन्हा उलगडावा लागतो, त्यामुळे तो एफएमच्या मागे पडतो. सरळ उडी मारली तर बातमीतलं अर्धं वाक्य गळतं किंवा दोनदा ऐकू येतं. चांगल्या रेडिओत दोन ट्यूनर, म्हणजे सिग्नल धरणारे दोन भाग, असतात. दोन्ही आवाज पडताळून तो एफएमला तितकंच थांबवतो आणि मग सांधा बसवतो. अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘एचडी रेडिओ’ या तिथल्या डिजिटल पद्धतीत हे थांबवणं स्टेशनवरच होतं.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंदच केलं. युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून रेडिओ असलेल्या नव्या मोटारीत डिजिटल ग्रहणाची सोय सक्तीची आहे.

भारताने वेगळी वाट धरली, ‘डीआरएम’ (डिजिटल रेडिओ माँडियाल) या दुसऱ्या डिजिटल पद्धतीची. २००९ मध्ये दिल्लीजवळ खामपूरहून शॉर्टवेव्हवर २५० किलोवॉटचं डिजिटल प्रसारण सुरू झालं, आणि पुढे आकाशवाणीने सुमारे ३५ मीडियम वेव्ह प्रक्षेपक डिजिटलसाठी सज्ज केले. मोठ्या पल्ल्याची मीडियम वेव्ह आणि डिजिटल स्वच्छता यांची ही जोडी खेड्यांसाठी मोलाची आहे. लाखो मोटारींत डीआरएमचे रेडिओ कारखान्यातूनच बसून आले. डीआरएमच्या नियमांत फ्रिक्वेन्सी बदलण्याची माहिती पाठवता येते, आणि ती एफएमकडेही बोट दाखवू शकते. म्हणजे मोठ्या मीडियम वेव्हवरून जवळच्या छोट्या एफएमवर जाण्याचा रस्ता कागदावर तयार आहे. फक्त दोन्हीकडे तोच कार्यक्रम हवा. खाजगी एफएमचा परवाना शहरागणिक असतो, कार्यक्रमही बहुधा वेगळा, त्यामुळे उडी मारायला पलीकडे तेच काही नसतं. विविध भारतीसारख्या, अनेक ठिकाणी एकाच वेळी लागणाऱ्या कार्यक्रमात मात्र ही सोय उपयोगी पडावी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, शिफारस केली, की खाजगी एफएमवर एकाच फ्रिक्वेन्सीतून जुनं आणि डिजिटल प्रसारण सोबत चालावं, आधी चार महानगरं आणि नऊ मोठ्या शहरांत. त्या नऊत नागपूर आहे. माझं लक्ष बुटीबोरी-कोंढाळीच्या पलीकडे आहे. डीआरएममध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची वेगळी सोय आहे. इशारा आला की दुसरं काही ऐकत असलेला रेडिओही आपणहून त्या वाहिनीवर वळतो. पेरणीच्या दिवसांत आभाळ भरून येतं, वावरात माणसं असतात आणि विजा पडतात. बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या रेडिओने तेव्हा गाणं थांबवून ‘झाडाखाली उभे राहू नका’ एवढं सांगितलं, तरी मला पुष्कळ वाटेल.