प्यूमिस : दगड झालेला फेस

टाचा घासायला वज्री म्हणून जो राखाडी, हलका दगड मिळतो, त्याचे नाव प्यूमिस. लॅटिनमध्ये त्याला 'प्युमेक्स' म्हणत. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द 'स्पूमा' म्हणजे फेस या लॅटिन शब्दाशी जोडतात, आणि त्याच मुळाशी संस्कृतातला 'फेन'ही जाऊन पोचतो. म्हणजे ही वज्री नात्याने आपल्या फेणाचीच बहीण लागते!

आणि हे नाव तंतोतंत खरे आहे. सिलिका (वाळूचा मुख्य घटक) जास्त असलेला शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, मधासारखा, किंबहुना त्याहूनही कितीतरी घट्ट असतो. जमिनीखालच्या दाबामुळे त्यात पाण्याची वाफ विरघळून राहते. ज्वालामुखीच्या उद्रेकात दाब एकदम उतरला, की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे असंख्य बुडबुडे उठतात. शिलारस घट्ट असल्याने ते सहज निसटत नाहीत, आणि स्फटिक तयार व्हायला वेळ मिळण्याआधीच सगळे गोठून काच होते. तुकडा भिंगाखाली धरला तर बुडबुड्यांमधल्या काचेच्या पातळ भिंती स्पष्ट दिसतात. घासताना त्या मोडतात आणि दर वेळी नवी धारदार कड वर येते, म्हणून हा दगड झिजला तरी बोथट होत नाही. टाचा आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवाव्यात, दगडही ओला करावा आणि हलक्या हाताने घासावे. कोरडा दगड कातडी सोलतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तो वापरूच नये, जखम झालेली कळत नाही.

प्यूमिसच्या आकारमानाचा बहुतांश भाग पोकळ असतो, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. पण धगधगता तुकडा पाण्यात पडला तर लगेच बुडू शकतो: आतली वाफ थंड होऊन आकसते आणि छिद्रे पाणी ओढून घेतात. गार तुकडा मात्र महिनोन्‌महिने तरंगतो. ऑगस्ट 2021 मध्ये जपानजवळ फुकुतोकु-ओकानोबा हा सागरी ज्वालामुखी उसळला. त्याचे प्यूमिस ऑक्टोबरमध्ये हजारभर किलोमीटरवरच्या ओकिनावाच्या बंदरांत येऊन साचले. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या त्याने तुंबतील, म्हणून मासेमारीच्या होड्या बांधून ठेवाव्या लागल्या.

सह्याद्रीतले छिद्रांचे दगड प्यूमिस नव्हेत. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडात, सिलिका कमी, त्यामुळे तो लाव्हा पातळ होता. त्यातला बराच वायू निघून गेला आणि उरलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजे भरली. तो दगड पाण्यात टाकला तर तळच गाठतो.

नावाचा एक घोळ मात्र सांभाळावा. काष्ठौषधींच्या दुकानातला 'समुद्रफेन' पांढरा, हलका आणि तरंगणारा असला तरी तो दगड नाही. तो माकुळाच्या कुळातल्या कटलफिशच्या पाठीतला चुनखडीचा भाग असतो. शंका आली तर कोपरा किंचित खरवडून त्यावर लिंबाचा रस टाकावा. समुद्रफेनावर बुडबुडे येतात, प्यूमिसवर काहीच होत नाही.