त्याच गाड्या, नवे मार्ग

बससेवेच्या खर्चात चालकांच्या पगाराचा वाटा मोठा असतो. म्हणून पैसे वाढणार नसतील, तर मार्गांची फेरआखणी म्हणजे हातात असलेले गाड्यांचे तास कुठे वापरायचे, एवढाच प्रश्न उरतो. मार्गांच्या जुन्या जाळ्यांत हा प्रश्न कुणी सलग विचारलेलाच नव्हता. अनेक शहरांत ट्राम बंद पडल्या आणि बस त्यांच्याच रस्त्यांवरून धावू लागल्या. पुढे नवी वस्ती झाली की एक फाटा, मागणी आली की आणखी एक वळसा. त्यामुळे मुख्य रस्त्यावर एकामागोमाग बस, आणि फाट्यावरचा माणूस तासभर उभा.

हिशेब सरळ आहे. जाऊन-येऊन दोन तासांच्या मार्गावर चार गाड्या असतील, तर अर्ध्या तासाने गाडी येते. पंधरा मिनिटांनी हवी असेल, तर आठ लागतात. वरच्या चार कुठून आणायच्या? शेजारून समांतर धावणारा मार्ग मोडूनच. मग त्या मार्गावरच्या प्रवाशाला वाटेत गाडी बदलावी लागते. फेरआखणीचा सगळा वाद इथे सुरू होतो, आणि तो खोटा नाही.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलने १ जुलै २००४ रोजी मुख्य आणि पूरक मार्ग वेगळे केले; त्याच वेळी कार्डावर अंतरानुसार भाडे आणले, म्हणजे गाडी बदलली म्हणून पुन्हा पूर्ण तिकीट नाही. चिलीची राजधानी सांतियागोनेही फेब्रुवारी २००७ मध्ये कार्ड आणले, पण सगळे जाळे एका दिवसात बदलले. बस अपुऱ्या होत्या, त्यांच्यासाठीच्या राखीव मार्गिका तयार नव्हत्या. लोक थांब्यांवर ताटकळले, मेट्रोत चेंगराचेंगरी झाली. माझ्या मते, पुढच्या प्रत्येक आराखड्याने आधी हा धडा वाचायला हवा.

अमेरिकेतल्या ह्यूस्टननेही १६ ऑगस्ट २०१५ रोजी एका रात्रीत जाळे बदलले, पण त्याआधी तिथल्या वाहतूक संस्थेच्या मंडळाने उघडपणे ठरवले होते: ८० टक्के सेवा प्रवासी जास्त तिथे, २० टक्के विरळ वस्तीसाठी. हे प्रमाण लोकांसमोर मांडणे मला आराखड्याइतकेच मोलाचे वाटते. एरवी ज्याचा थांबा जातो त्याला कारणच कळत नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंडने आपल्या प्रदेशात टप्प्याटप्प्याने बदल केला: २०१६ मध्ये एकत्रित भाडे, २०१८ मध्ये शेवटचे मोठे टप्पे.

आयर्लंडची राजधानी डब्लिनचा आराखडा २०१८ मध्ये जाहीर झाला तेव्हा हजारो हरकती आल्या, बऱ्याचशा थेट गाडी बंद होणार म्हणून. आराखडा बदलला गेला. पहिला टप्पा जून २०२१ मध्ये रस्त्यावर आला आणि त्याच वर्षी ९० मिनिटांत गाडी बदलली तरी एकच भाडे, असा नियम झाला.