पडकी घरं, लाल-पांढरी पट्टी आणि फ्रान्सची ‘सुंदर गावं’

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, काओर शहराच्या थोडं वरच्या अंगाला, लॉत नदीच्या एका वळणावर सँ-सीर-लापोपी नावाचं गाव आहे. पाण्यापासून शंभरेक मीटर उंच कडा आणि त्या कड्याला बिलगून तांबूस-तपकिरी कौलांची घरं. कायमची वस्ती जेमतेम दोनशेच्या घरात. २०१२ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर देशाचं आवडतं गाव निवडायची स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती याच गावानं जिंकली. तेव्हापासून जुलै-ऑगस्टात इथल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

फोटो पाहून वाटतं, सातशे वर्षं हे गाव कुणी फुलासारखं जपलंय. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली कितीतरी छपरं बसलेली होती. जी घरं वाचली, ती पाडून नवी बांधण्याइतका पैसा गावात कुणाकडेच नव्हता म्हणून वाचली. फ्रान्सच्या ज्या खेड्यांत आज पर्यटक हौसेनं पायपीट करतात, त्यातल्या पुष्कळांची कहाणी थोड्याफार फरकानं अशीच आहे. आधी बरकत, मग मोठी पडझड, आणि त्यानंतर ठरवून केलेली उभारणी.

सँ-सीरची बरकत नदीवरची आणि लाकडावरची. मध्ययुगात कड्याच्या टोकाला किल्ला होता आणि त्यात एकाच वेळी अनेक सरदार घराण्यांच्या गढ्या शेजारी-शेजारी नांदत. युद्धं झाली, राजाज्ञेनं किल्ला पाडला गेला. आज वर फक्त अवशेष आहेत, आणि खरं सांगायचं तर तिथं चढायचं ते किल्ल्यासाठी नव्हे, नदीचं वळण पाहायला. गावाचं पोट मात्र चालायचं ते कातारी लोकांवर. आसपासच्या कोरड्या उतारांवर बॉक्सवुडची झुडपं माजतात. त्यांचं लाकूड पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचं. त्यापासून इथले कारागीर दारूच्या पिंपांना लावायच्या तोट्या कातत. स्थानिक बोलीत त्यांचं नावच ‘तोटीवाले’ अशा अर्थाचं होतं. आजही जुन्या घरांच्या तळमजल्याला रस्त्याकडे उघडणाऱ्या रुंद दगडी कमानी दिसतात. त्या या कातारांच्या दुकानांच्या. माल विकला जाई तिथंच, आणि तयार होई तोही तिथंच.

तोट्या लागत, कारण काओरची गडद लाल वाइन पिंपांत भरून होड्यांनी बोर्दोकडे जायची. प्रवाहाबरोबर खाली जाणं सोपं. परत येताना होडी ओढून आणावी लागे. माणसं नाहीतर घोडी काठानं चालत दोर ओढायची. सँ-सीर आणि खालच्या बूझियेस गावाच्या दरम्यान मात्र काठच नाही, डोंगर सरळ पाण्यात उतरतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात त्या चुनखडीच्या कड्यातच आडवी वाट कोरून काढली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि डोक्यावर खडकाचंच छत. ती वाट अजून शाबूत आहे. होड्या गेल्या, आता तिच्यावरून पाठीवर पिशवी घेतलेले लोक जातात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दानिएल मोनिए या शिल्पकारानं त्या भिंतीच्या एका लांब पट्ट्यावर मासे आणि शिंपले कोरले. पुष्कळांना ते जुनंच काम वाटतं.

वाट खोदून पुरती जुनी होण्याआधीच रेल्वे आली. १८६९ मध्ये काओरला, आणि पुढे नदीच्या खोऱ्यातूनच वर. होडीवाल्यांचा धंदा बसला. त्याच सुमारास फिलोक्सेरा ही द्राक्षाच्या मुळांवर जगणारी अमेरिकन कीड फ्रान्सभर पसरली. १८६० च्या दशकात दक्षिणेत दिसली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिनं काओरचे मळे उजाड केले. वाइन नाही म्हणजे पिंपं नाहीत, पिंपं नाहीत म्हणजे तोट्या नाहीत. मग पहिलं महायुद्ध. फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक त्यात मेले आणि त्यांतले बरेचसे शेतकऱ्यांची मुलं होती. फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक गावच्या चौकात किंवा चर्चजवळ जो नावं कोरलेला दगड दिसतो, तो याच युद्धाचा. वीस-पंचवीस घरांच्या वस्तीतही दगडावर दहा-बारा नावं आणि त्यात एकच आडनाव दोन-तीनदा, असं सर्रास आढळतं. फिरायला जाणाऱ्यानं तिथं दोन मिनिटं थांबून आडनावं वाचावीत. गाव का ओसरलं ते मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा तिथं लवकर कळतं.

लॉत जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ मध्ये तीन लाखांच्या जवळ होती. १९६० च्या दशकात ती निम्म्यावर आली होती. नदीच्या वरच्या चुनखडीच्या पठारावर, ज्याला इथं ‘कॉस’ म्हणतात, शेतं सोडून दिली गेली. दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय बांधलेले बांध आणि मेंढपाळांच्या घुमटी ओकच्या रानात बुडाल्या. आज ज्या रानवाटेला लोक ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात, तिच्या दोन्ही बाजूंना नीट पाहिलं तर हे बांध दिसतात. ते रान म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची कुणाची तरी शेती.

जपण्याची सुरुवात खेड्यातून झाली नाही, पॅरिसमधून झाली. १८३० मध्ये सरकारनं ऐतिहासिक वास्तूंसाठी निरीक्षकाचं पद निर्माण केलं आणि १८३४ मध्ये त्यावर लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांची नेमणूक झाली. घोडागाडीनं देश पालथा घालायचा, काय उभं आहे आणि काय पडायला आलंय याचा अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. १८३७ मध्ये ते लॉत जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात दडलेल्या काँक या गावी पोहोचले आणि अशा आडरानात एवढं वैभव पाहून थक्क झाले.

काँकची गोष्ट मुळातच चोरीपासून सुरू होते. नवव्या शतकात या मठाकडे प्रसिद्ध संताचे अवशेष नव्हते, म्हणून यात्रेकरू फिरकत नसत. परंपरा सांगते, की इथला एक भिक्षू आजाँ शहरी जाऊन राहिला, तिथल्या मठाचा विश्वास कमावला आणि ८६६ च्या सुमारास सेंट फॉय या बालसंत मुलीच्या अस्थी घेऊन पसार झाला. त्यानंतर काँकचं नशीब पालटलं. अस्थींसाठी सोन्यानं मढवलेली, रत्नं जडवलेली बसलेली मूर्ती घडली. ती आजही गावात पाहता येते. मठाच्या चर्चच्या पश्चिम दारावर शेवटच्या न्यायनिवाड्याचं शिल्प आहे, त्यात १२४ आकृती. सगळेजण नरकातल्या राक्षसांचे फोटो काढतात. त्यापेक्षा शिल्पाच्या कडेची कमान पाहावी. दगडाची पट्टी जणू कापडासारखी गुंडाळून हातांनी धरलेली, आणि तिच्या आडून चिमुकले चेहरे डोकावतात. कोण स्वर्गात गेलं, कोण खाली, याची चौकशी करणारे शेजारीच जणू.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची सोनंचांदी सरकारजमा होऊन वितळत होती, तेव्हा काँकच्या लोकांनी मठाचा खजिना आपापल्या घरी लपवला आणि वादळ शमल्यावर परत आणून दिला. गरीब गावातून एवढं सोनं परत यावं, याचं मला त्या सोन्याहून जास्त अप्रूप वाटतं.

मेरिमेंच्या काळात, १८४० मध्ये, संरक्षित वास्तूंची पहिली यादी निघाली. तीत हजाराच्या आसपास नावं होती. १९१३ च्या कायद्यानं संरक्षणाला दात आले, आणि १९४३ पासून वास्तूच्या भोवतालचा ५०० मीटरचा परिसरही नियमांखाली आला. म्हणजे गावात एक जुनं चर्च संरक्षित असलं, तरी शेजारच्या माणसाला खिडकीचा रंग किंवा कौलाचा प्रकार बदलायला सरकारी वास्तुविशारदाचा होकार लागतो. गाव एकसारखं देखणं दिसतं, त्यामागे हा कागद आहे. घरमालक त्यावर वैतागतात, हेही खरं.

वास्तू वाचल्या, तरी तिथं जाणार कोण? त्याचं उत्तर १९३६ मध्ये मिळायला लागलं. पॉप्युलर फ्रंट या डाव्या पक्षांच्या आघाडीच्या सरकारनं कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी रजा दिली आणि कारखान्यातली माणसं सायकलींवर, पायी, तंबू घेऊन बाहेर पडली. महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये जाँ लोआझो या वास्तुविशारदाच्या पुढाकारानं लांब पल्ल्याच्या पायवाटांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. त्याच वर्षी ल्वार नदीकाठी ओर्लेआँ ते बोझाँसी असा पहिला टप्पा आखला गेला. खूण साधी: वर पांढरी पट्टी, खाली लाल. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर. दोन पट्ट्यांची फुली दिसली, की वाट चुकली. ही रंगरंगोटी आजही बहुतांशी स्वयंसेवकच करतात, आणि अशा वाटांचं जाळं आता हजारो किलोमीटरचं आहे.

त्यातली सर्वांत गाजलेली जीआर-६५ (जीआर म्हणजे अशी लांब पल्ल्याची पायवाट). ल प्वीहून काँक, फिजाक, काओर करत स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाकडे जाणारी. ल प्वीचा बिशप दहाव्या शतकात या तीर्थाला गेल्याची नोंद आहे. पण पंढरीच्या वारीसारखी ही परंपरा तेव्हापासून अखंड चालत आलीय, अशा समजुतीनं कुणी जाऊ नये. सोळाव्या शतकातली कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धं आणि राज्यक्रांती यांच्यानंतर ती जवळजवळ आटली होती. ल प्वी ते फिजाक हा टप्पा १९७२ च्या सुमारास खुणा करून खुला झाला, तो पदभ्रमण करणाऱ्यांनी आखला. गाड्यांचे रस्ते टाळायचे म्हणून जुन्या यात्रामार्गापासून तो ठिकठिकाणी सरकलेलाही आहे. राहायची सोय दुसऱ्या एका प्रयत्नातून झाली. १९५१ मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात शेतघरातली पहिली ‘जीत’, म्हणजे पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं खेड्यातलं घर, सुरू झाली. विचार व्यवहारी होता: शहरी कुटुंबाला स्वस्तात सुट्टी, आणि पडायला आलेलं घर दुरुस्त करायला शेतकऱ्याला पैसा.

त्याच वर्षी सँ-सीरमध्ये आंद्रे ब्रेताँ यांनी घर घेतलं. अतिवास्तववादी चळवळीचा हा म्होरक्या १९५० मध्ये गावात आला आणि भाळला. १९६६ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याचे उन्हाळे इथंच गेले. त्याच्यामागून चित्रकार, मित्र, पाहुणे. पडक्या घरांना गिऱ्हाईक मिळालं.

शेवटची कडी एका सरपंचाची. कोलाँज-ला-रूज या लाल वालुकाश्माच्या गावचे महापौर शार्ल सेराक (फ्रान्समध्ये चारशे वस्तीच्या गावालाही महापौरच असतो) यांनी सुंदर गावांवरचं एक सचित्र पुस्तक पाहिलं आणि त्यातल्या गावांच्या महापौरांना पत्रं धाडली. ६६ जण तयार झाले आणि मार्च १९८२ मध्ये ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही संघटना उभी राहिली. अटी कडक: वस्ती दोन हजारांच्या आत, किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं, ग्रामसभेचा ठराव. गाव दर वर्षी वर्गणी भरतं आणि दर्जा घसरला तर पाटी काढून घेतली जाते. आज यादीत १८० च्या आसपास गावं आहेत. इटली आणि जपाननंही हीच कल्पना उचलली. पाटीमुळे छपरं दुरुस्त झाली, यात शंका नाही. पण कातारांच्या कमानींखाली आता मेणबत्त्या, साबण आणि चित्रं विकली जातात आणि हिवाळ्यात बहुतेक दारं बंद असतात, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं.

गर्दी नको असेल तर सेले नदीच्या खोऱ्यात काब्रेरेला जावं. तिथली पेश मेर्ल ही गुहा १९२२ मध्ये दोन पोरांनी शोधली. तिच्या भिंतीवर आदिमानवानं ठिपक्यांचे घोडे काढून जवळपास २९,००० वर्षं झाली आहेत, आणि इथं प्रतिकृती नाही, मूळ भिंतच पाहायला मिळते. म्हणून दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात आणि उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी लागतेच. सँ-सीरला गाडीशिवाय जाता येतं. होड्या बंद पाडणारी रेल्वे स्वतःही पुढे बंद पडली. आता काओर-फिजाक बस नदीपलीकडच्या तूर-द-फोरला उतरवते. तिथून पूल ओलांडून चढ सुरू होतो, अर्ध्या तासाचा.